काळ्या दगडावर भरवसा ठेवून : ॲरन बेटावरचे तीन दिवस

पहिला दिवस

ग्लासगोहून गाडी सुटली तेव्हा पाऊस होता, तासाभरात आर्ड्रोसनच्या धक्क्यावर उतरलो तर लख्ख ऊन. मे २०१९ चा शेवटचा आठवडा. मी शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली, भाचा ग्लासगोला शिकायला, आणि मी त्याच्याकडे महिनाभर मुक्कामाला. पहिला आठवडा त्याला खाऊ घालण्यात गेला, दुसरा संग्रहालयं बघण्यात. तिसऱ्या आठवड्यात मी त्याचं कपाट दुसऱ्यांदा आवरायला काढलं तेव्हा तो घाबरला.

"आत्या, तुला घरात करमत नाहीये."

"मग डोंगर दाखव एखादा."

त्याने काढलेला डोंगर म्हणजे गोटफेल. ॲरन नावाच्या बेटावरचा सगळ्यात उंच, ८७४ मीटर. मी म्हटलं, एवढाच? आपली कळसूबाई १६४६. तो म्हणाला, "अगं, पण कळसूबाईला बारीतून निघतेस तेव्हा निम्मी उंची एसटीने चढलेली असते. इथे समुद्राच्या वाळूतून सुरुवात." हे मात्र खरं होतं. भूगोल मी आयुष्यभर शिकवला, आणि मलाच कोणी समुद्रसपाटीपासूनची उंची समजावतंय.

धक्क्यावरूनच पलीकडे ॲरन दिसतं. उत्तरेकडे दातेरी डोंगर, दक्षिणेला सपाट. त्या दातेरी भागाला इकडची माणसं 'झोपलेला योद्धा' म्हणतात. मला कपाळ नि नाक सापडलं, बाकीचा योद्धा भाच्याने बोटाने हवेत काढून दाखवला. पलीकडे नेणारी बोट तरी कसली, चांगलं चार मजली जहाज. ट्रक, मोटारी, सायकलवाले, कुत्री, सगळ्यांना पोटात घेऊन तेव्हा ५५ मिनिटांत ब्रॉडिकला सोडायचं. मला सारखी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच आठवत होती. तिथे घारी-सीगल चिप्ससाठी मागे लागतात, इथे गॅनेट नावाचे पांढरेशुभ्र मोठे पक्षी पंख मिटून वरून बाणासारखे पाण्यात घुसत होते. एकदा घुसला की कुठून बाहेर येतो यावर आम्ही पैजा लावल्या. मी हरले.

ब्रॉडिक म्हणजे अर्धवर्तुळाकार खाडी, एक रस्ता, रस्त्याच्या एका बाजूला दुकानं आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. समोर गोटफेल. टोक ढगात. मुक्कामाच्या घरातल्या बाईंनी आम्हाला आधी चहा दिला, मग माझ्या बुटांकडे बघितलं. बूट चांगले होते, त्यांचं समाधान झालं. मग त्यांनी गुडघ्यांकडे बघितलं. मी पँट घातलेली होती, पण काही बायकांना कळतंच.

संध्याकाळी डोंगरांचं वेगळं हवामान सांगणारी सेवा भाच्याने उघडली. वारा माथ्यावर ताशी ३० मैल, दुपारपर्यंत ढग माथ्यावर, नंतर उघडीप. इथे गावचं हवामान आणि डोंगराचं हवामान ही दोन वेगळी खाती आहेत, ही व्यवस्था मला फार आवडली. आमच्या वेळी हरिश्चंद्रगडाला निघताना हवामानखातं म्हणजे पाचनईतल्या आजोबांचं तोंड. ते 'येईल' म्हणाले की पाऊस यायचा.

रात्री साडेनऊला बाहेर उजेड. मी पडदे लावून दशम्या भाजल्या. बाईंनी स्वयंपाकघर वापरू दिलं, एक दशमी खाल्ली, लसणाच्या चटणीचा वास घेऊन बरणी अदबीने परत ठेवली.

दुसरा दिवस

साडेआठला निघालो. खाडीच्या काठाने क्लॅडाकपर्यंत सपाट चाल, मग ब्रॉडिक कॅसलच्या जंगलातून वाट वर. हा किल्ला आणि हा डोंगर दोन्ही नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे आहेत. गोटफेल १९५८ पासून. डोंगरावर जायला पैसे नाहीत, नोंदवही नाही, सक्तीचा वाटाड्या नाही. इथे २००३ च्या कायद्याने कोणालाही कोणाच्याही डोंगरावर, माळावर जबाबदारीने चालायचा हक्क आहे. कड्यावरून पडलात तर बेटावरचंच बचावपथक येतं, सगळे स्वयंसेवक. माझ्या मनात लगेच आपल्याकडची ट्रेकर पोरं आली, दोर खांद्यावर टाकून रात्री-अपरात्री दरीत उतरणारी. जात एकच.

जंगलात ऱ्होडोडेंड्रॉन फुलांनी लगडलेलं. दिसायला राजेशाही, पण मूळचं इथलं नाही. बागेतून निसटून रानभर माजलंय. म्हणजे आपली घाणेरी. शाळेत घाणेरीचं उदाहरण देताना मुलं नाकं मुरडायची, या झाडाला मात्र सगळे थांबून फोटो काढत होते. मीही काढला.

जंगल संपतं तिथे हरणांसाठी उंच जाळीचं फाटक. ते ओलांडलं आणि एकदम उघडा माळ. झाड नाही. आपल्याकडे उंची वाढते तशी कारवी, मग गवत, मग कातळ. इथे अडीच-तीनशे मीटरवरच हेदरची खुरटी झुडपं नि पाणथळ. हेदर फुलायला अजून दोन-अडीच महिने होते, तोवर तो सगळा उतार करपलेल्या भाकरीच्या रंगाचा. वाट मात्र दगड बसवून पक्की केलेली, ओढ्याचं पाणी वाटेखालून काढून दिलेलं. या कामाला हात किती लागले असतील, असा विचार करत चढत होते, तेवढ्यात मागून कुक्कू, कुक्कू.

"आत्या, घड्याळ!"

खरंच भिंतीवरच्या घड्याळातला आवाज. आपला कोकीळ कसा सूर चढवत चढवत जातो, वेड लावतो. हा पक्षी दोन अक्षरं म्हणतो आणि गप्प बसतो. स्कॉटिश आहे, काटकसरी.

पूर्वेकडच्या सोंडेवर पोचलो तेव्हा कॉरी गावाकडून येणारी वाट मिळाली, आणि तिथून डोंगराने आपला खरा चेहरा दाखवला. वाट सरळ धारेवर उभी राहते, दगडांच्या राशीतून. आम्ही ढगात शिरलो. वारा असा की बोलायचं तर तोंड जवळ न्यायला लागतं. 'गोटफेल' या नावाचं मूळ दोन प्रकारे सांगतात: व्हायकिंगांच्या भाषेतला शेळ्यांचा डोंगर, किंवा गेलिकमधला वाऱ्याचा डोंगर. मला शेळी एकही दिसली नाही.

इथे माझी खरी अडचण सुरू झाली. दगड. मी सह्याद्रीत वाढलेली बाई. विशीपासून कॅनव्हासच्या हंटर बुटांवर गड चढले. माझ्या पायांना बेसॉल्ट कळतो: काळा, थरांचा, पायऱ्या-पायऱ्यांचा, कुठे पकड आहे ते नजर टाकली की समजतं. हा ग्रॅनाइट. राखाडी, फुगीर, गोल कडांचा, मोठाले ठोकळे एकावर एक रचून ठेवलेले, जणू कोणी धान्याची पोती थप्पीला लावलीत. कड नाही, खाच नाही. पाय कुठे ठेवायचा? भाचा टणाटण उड्या मारत गेला. मी हातापायांवर. जिथे दगड झिजून भरड वाळू झालीये तिथे तर बाजरीवर पाय टाकल्यासारखं. त्याला मी मुरूम म्हणून टाकलं, आणि त्याच्याकडे मुरूम म्हणून बघितल्यावर जरा बरं वाटलं.

"अगं, सरळ उभी राहून चाल. हा दगड धरतो."

"तुला धरतो. माझी ओळख व्हायचीये."

सव्वाबाराला माथा. एक सिमेंटचा खांब, शेजारी दिशा दाखवणारी तबकडी. तबकडीवर आयर्लंड लिहिलंय, मल बेट लिहिलंय, बेन लोमंड लिहिलंय. समोर दुधाळ भिंत. आम्ही दगडाच्या आडोशाला बसून दशम्या सोडल्या. शेजारच्या एका म्हाताऱ्या जोडप्याने आम्हाला ओटची बिस्किटं नि चीज दिलं, आम्ही त्यांना चटणी. आजोबांनी बोटाच्या टोकावर घेतली, चाटली, डोळ्यांत पाणी आलं, आणखी मागितली.

आणि मग ढग फाटला. आधी एक भोक पडलं, त्यातून नुसतं निळं, आकाश वाटावं असं; त्यात एक पांढरी रेघ सरकत होती. ती आमची बोट होती. आपण खाली बघतोय हे कळायला दोन क्षण गेले. पाच मिनिटांत सगळं उघडं: पायाशी ब्रॉडिकची खाडी, पलीकडे होली आयल, तिथे आता तिबेटी बौद्धांचं केंद्र आहे, आणि दूर दक्षिणेला समुद्रातून शिवलिंगासारखा वर आलेला एल्सा क्रेग. कर्लिंग या बर्फावरच्या खेळाचे दगड त्याच्याच ग्रॅनाइटचे करतात. अलिबागच्या सागरगडावरून मी समुद्र पाहिलाय, पण मध्ये वाड्या, नारळी-पोफळी, शेतं. इथे मध्ये काहीच नाही. दगड सोडला तर थेट पाण्यात जाईल असं वाटतं. पश्चिमेला वळलं की मात्र समुद्र संपतो आणि डोंगरांचा जबडा: कीर व्होर, अ कीर, किअस्टल ॲवेल, आणि त्या धारेला मधोमध कुऱ्हाड मारल्यासारखी एक खाच. 'चेटकिणीचं पाऊल'.

शहाणी माणसं इथून आल्या वाटेने परत जातात. भाच्याच्या मनात तेच होतं. मी नकाशा मागितला. उत्तरेकडे नॉर्थ गोटफेल, तिथून धारेने सॅडल नावाच्या खिंडीत उतार, आणि खिंडीतून एक तर डावीकडच्या दरीत, म्हणजे ग्लेन रोझा, नाही तर उजवीकडे ग्लेन सॅनॉक्स. आल्या वाटेने परत जायला मला कधीच आवडलं नाही. या एका खोडीपायी ढाकच्या रानात एक रात्र झाडाखाली काढलीये, त्यात हे एक पान वाढलं.

मधली धार स्टॅकाख म्हणतात ती. ठोकळ्यांचे सुळके, ज्यांना हौस त्यांनी माथ्यावरून जावं, बाकीच्यांना पूर्वेच्या अंगाने पायवाट. मी म्हटलं पहिला ठोकळा तर बघू. चढले. उतरायला गेले तर पलीकडे सहा-सात फुटांचा गुळगुळीत उतार, खाली पाय टेकायला जागा दिसते पण पोचत नाही. बसले. अर्धा मिनिट बसून राहिले. भाचा खालून वाट आणि बूट दोन्ही दाखवतोय, "डावा खाली घे, अजून, अजून थोडा," आणि माझा डावा पाय हवेत. शेवटी ज्या बाजूने चढले त्याच बाजूने उलटी उतरले, आणि पायवाटेने निमूट गेले. त्याने काही म्हटलं नाही. हेच जास्त लागलं.

नॉर्थ गोटफेलवरून सॅडलची उतरंड सरळ बोचणारी. मुरमाड घसारा, मध्ये पाट्यासारखे ग्रॅनाइटचे कातळ. पण तासाभरात एक गोष्ट लक्षात आली. हा दगड खरखरीत आहे, रव्यासारखा. त्याच्यावर पूर्ण तळवा टेकवून वजन टाकलं की बूट चिकटतो. मी कड शोधत होते, हा कड देतच नाही. हा पृष्ठभाग देतो. कळूनही मन तयार होईना. दर पावलाला पाय विश्वास ठेवायचा आणि डोकं नाही.

तीन वाजता खिंडीत. डावीकडे ग्लेन रोझा, लांबलचक, मऊ, तळाशी ओढ्याची चांदी. भाचा तिकडे वळलासुद्धा. मी उजवीकडे डोकावले आणि थबकले. खिंडीतून सरळ खाली एक अरुंद नाळ उतरत होती. दोन्ही बाजूंना राखाडी ग्रॅनाइट आणि नाळेच्या तळाला काळा दगड. काळाभोर, तुकड्या-तुकड्यांचा, पायऱ्या पडलेला.

"सोन्या, हा आपला दगड आहे."

या नाळेचं नाव व्हिन डाइक. 'व्हिन' म्हणजे असा काळा टणक दगड, स्कॉटिश लोकांचा शब्द. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी अटलांटिक महासागर उघडत होता, तेव्हा इथे खालून शिलारस वर आला. त्यातला जो जमिनीखाली सावकाश थंड झाला त्याचा ग्रॅनाइट झाला, आणि नंतर त्याच्या भेगांमध्ये काळा शिलारस घुसून भिंतींसारखा गोठला. आपलं दख्खन त्याच्या थोडं आधीचं, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचं, आणि कारणही वेगळं. पण दगड चुलतभाऊच. धुळे-नंदुरबारकडे अशा भिंती जमिनीतून वर आलेल्या मी मुलांना नेऊन दाखवल्यात. इथे उलट झालं. भोवतीचा ग्रॅनाइट टिकला, भिंत कुजली आणि नाळ झाली. चेटकिणीचं पाऊलही असंच पडलेलं. हे सगळं मी त्याला तिथेच उभी राहून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण ग्लेन रोझा सोपी आहे."

"ही आपली वाट आहे. मी पुढे होते."

आणि खरंच, पहिली वीस-पंचवीस पावलं मी धावल्यासारखी उतरले. कड आली, खाच आली, पाय आपोआप पडत गेले. सकाळपासून अडखळणारी बाई ही नव्हेच. नाळेत मध्ये पाणी झिरपत होतं, दगड चकाकत होता. चाळीस वर्षं मी मुलींना ओरडून सांगत आलेय: काळा दगड ओला असला की शत्रू. तिथे मी ते कोणाला सांगणार होते? उजवा पाय टाकला आणि पाय नव्हताच. धप्पकन बसले, बसल्या बसल्या चार-पाच फूट खाली, काठी खणखणत पुढे गेली, हाताचा तळवा सालपटला, आणि एका ग्रॅनाइटच्या फुगीर दगडाला पाठ लागून थांबले. खरखरीत. धरला त्याने.

"आत्या!"

"आहे. चष्मा बघ आधी."

चष्मा होता. हाड मोडलं नव्हतं, गुडघ्याने मात्र नोंद घेतली. उरलेली नाळ मी बसून उतरले, कडेकडेने, एक हात सतत त्या राखाडी भिंतीवर ठेवून. भाचा पुढे, माझ्या प्रत्येक पावलाखाली आपला हात. खाली पोचायला पाऊण तास लागला असेल. वाटेतला निम्मा वेळ त्याने मला 'ही आपली वाट आहे' एवढंच वेगवेगळ्या चालींवर ऐकवलं.

ग्लेन सॅनॉक्स ही दरी मला गोटफेलपेक्षा जास्त लक्षात राहिली. रुंद, गवताळ, मधोमध ओढा, लांबवर हरणांचा कळप आणि टोकाला समुद्र. माणूस नाही. पण इथे माणसं होती. १८२९ मध्ये जमीनदाराने मेंढ्यांसाठी ही दरी रिकामी करवली आणि कुटुंबंच्या कुटुंबं जहाजात बसून कॅनडात, क्वेबेककडे गेली. वाटेच्या बाजूला गवतातून दगडांच्या ओळी दिसतात, त्या घरांच्या असाव्यात म्हणून मी थांबून बघत होते. कोयनेच्या पाण्यात गेलेल्या गावांतली पोरं माझ्या वर्गात होती. 'आमचं गाव' असा निबंध दिला की ती न पाहिलेल्या गावाबद्दल लिहायची, आजीने सांगितलेल्या ओट्याबद्दल, चिंचेबद्दल. दरीच्या तोंडाशी बराइट खनिजाच्या जुन्या खाणीचे अवशेष आहेत, तीही १९३८ मध्ये बंद पडली. मग पुन्हा मेंढ्या.

इथे वारा पडला आणि मिज आल्या. चिलटांहून बारीक, ढगांनी येतात, कानात, भुवयांत, चष्म्याच्या आत. स्कॉटलंडला यायचं तर मेच्या आधी या, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. सॅनॉक्सच्या रस्त्यावर साडेसहाला पोचलो तर बस वीस मिनिटांपूर्वी गेलेली. दोन ओली कुत्री घेऊन चाललेल्या एका बाईंनी गाडी थांबवली, फाटलेली पँट बघितली, काही न विचारता कुत्र्यांना पुढे घेतलं आणि आम्हाला मागे बसवलं. ब्रॉडिकला उतरवताना फक्त म्हणाल्या, "व्हिन डाइक?" भाचा इतका हसला की त्यांना उत्तर मीच दिलं.

तिसरा दिवस

गुडघा सुजला होता, पण तिकीट काढून इथवर आलेल्या भूगोलाच्या मास्तरणीला लॉखरान्झा चुकवता येत नाही. बसने बेटाला वळसा घालत उत्तरेला गेलो. १७८७ मध्ये स्कॉटिश भूगर्भशास्त्रज्ञ जेम्स हटन इथे आला होता. गावाबाहेर किनाऱ्यावर खडकांचे दोन गट एकमेकांवर टेकलेत, खालच्याचा कल एकीकडे, वरच्याचा दुसरीकडे. खालचा तयार झाला, उचलला गेला, तिरका झाला, झिजला, आणि मग त्यावर वरचा साचला. याला लागणारा काळ मोजायचा तर पृथ्वीला काही हजार वर्षं पुरणार नाहीत, हे हटनने जगापुढे मांडलं. बघायला म्हणाल तर काही नाही. शेवाळ, शंख, दोन तिरके कातळ. भाचा म्हणाला, "यासाठी?" मी त्याला कालचा ठोकळा आठवून दिला नाही, म्हणून त्यानेही जास्त ताणलं नाही. गावातल्या गोल्फच्या मैदानावर हरणं निवांत चरत होती, खेळणारे त्यांना वळसा घालून खेळत होते. ते दृश्य त्याला जास्त आवडलं.

दुपारची बोट. गोटफेल पुन्हा ढगात. डेकवर बाकावर पाय पसरून बसले होते तेवढ्यात दादाचा व्हिडिओ कॉल आला. भाच्याने फोन असा धरला की माझा चेहरा आणि मागे समुद्र एवढंच दिसावं.

"कशी झाली सहल? चढली का आत्या?"

"चढली की. बाबा, खरं सांगू, मलाच दम लागला."

"आणि उतरताना?"

"उतरताना आत्या पुढे होती," तो म्हणाला, "आम्हाला वाट दाखवत."